कॉलमची भूक

शिवलीलाची खळ रोज सकाळी कॉलममध्ये शिरायची आणि बाहेर यायचं नाव घ्यायची नाही.

खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून देतात ती, पाण्यात विरघळणारी. टॉवेल कारखान्याच्या धुवणातून तिनं ती परत मिळवली होती. पुन्हा वापरण्याजोगी आहे का, ते तिच्या रेणूंच्या लांबीवरून ठरणार होतं. ती लांबी मोजायचा कॉलम म्हणजे बारीक छिद्रांच्या मण्यांनी गच्च भरलेली पोलादी नळी. खळ पलीकडे पोचली की पडद्यावर डोंगर उमटायला हवा होता. उमटत होती नुसती सपाट रेघ. आता कुपीत एका खेपेपुरतीच खळ उरली होती, आणि तिचे मार्गदर्शक महेश्वर सर यांनी सांगून टाकलं होतं की आज दिसली नाही तर संशोधनाचा विषय बदलायचा.

दुपारी प्रयोगशाळेतल्या पंपाच्या घरघरीत तिचा डोळा लागला. आपणच एक लांब धागा झालो आहोत आणि पाण्याबरोबर वाहतो आहोत, असं तिला दिसलं. वाटेत छिद्रंच छिद्रं होती, आत गारवा होता. एका ठिकाणी ती टेकली आणि तिला उठावंसंच वाटेना. तिथं आई होती. गेल्या वर्षी गेलेली गौरम्मा वळसंगहून आणलेल्या नव्या मडक्यात तांदळाची पेज उकळत बसली होती.

"पयलं त्येचं प्वाट भरू दे की," आई मडक्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मग त्ये आपल्याला वाढंल."

शिवलीला खडबडून जागी झाली. गाढवपणा तिचाच होता. भांडं खरकटं ठेवायचं नाही या घरच्या शिस्तीनं ती रोज संध्याकाळी कॉलम लख्ख धुवायची. म्हणजे सकाळी तो पुन्हा उपाशी, आणि आलेली सगळी खळ छिद्रांच्या भिंतींना चिकटवून घ्यायचा.

तिनं बाजारातली साधी खळ घेतली आणि मध्ये न धुता खेपेमागून खेप सोडली. आधीच्या खेपा त्यानं गिळल्या. मग टेकाड आलं, मग डोंगर, आणि शेवटी डोंगर वाढायचा थांबला. आधीची खळ सुटून येत नाही ना, म्हणून नुसतं पाणी सोडून पाहिलं, रेघ सपाट. मग तिनं कुपी उघडली.

डोंगर उमटला. सर पडद्याजवळ वाकले आणि, चालू ठेव म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं कॉलम धुतला नाही. घरी आईचं मडकं ओट्याखाली होतं. आई गेल्यावर तिनंच ते साबणानं घासघासून, आत मुरलेल्या पेजेसकट, कोरं केलं होतं. तेव्हापासून आमटी बुडाला लागायची, आणि वडील, रुद्रप्पा, ती तशीच खायचे. आपल्या हातालाच चव नाही, असं ती समजून चालली होती.

तिनं मडक्यात पेज उकळायला ठेवली. रडू आलं, ते येऊ दिलं.

"आज पेजच व्हय जेवायला?" रुद्रप्पांनी विचारलं.

"न्हाय अप्पा, ही त्येची हाय," ती म्हणाली. "आपलं उद्या."