इरम्माची यादी

सकाळी अकराला फारुखच्या ऑनलाइन सेंटरात त्यांचा नंबर लागला. शिवलीलानं पिशवीतून आईची वही काढून टेबलावर ठेवली. तिचा बाप कल्याणप्पा शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. त्याच्या शर्टाच्या खिशात बायकोचा मोबाइल होता. लेकीचा सीईटीचा फॉर्म जानेवारीत इरम्मानं स्वतः भरला होता आणि नंबर आपला दिला होता. मार्चमध्ये पोटात दुखतंय म्हणून तिला सोलापूरला नेलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून तो मोबाइल रोज चार्ज करत होता. ओटीपी त्यावरच येतो, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा.

कल्याणप्पा मुरुमच्या मार्केट यार्डात मापाडी. पोतं काट्यावर आलं की मोठ्यानं आकडा सांगायचा, मग पुढचं पोतं. बायको गेल्यावर बाराव्या दिवशी तो कामावर गेला आणि आकडे बरोबर सांगू लागला. लोक म्हणाले, माणूस सावरला. तसं काही नव्हतं. सांगितलं ते करायचं, ताटात येईल ते खायचं, एवढंच चाललं होतं. लेकीला सीईटीत शहाण्णव पर्सेंटाइल पडले तेव्हा तो "बरं झालं" म्हणाला आणि पायातल्या चपला काढायच्या विसरून घरात बसून राहिला.

फारुख वहीतली यादी बघून एकेक इंजिनिअरिंग कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मात टाकू लागला. इरम्मानं मागच्या वर्षीचे कटऑफ बघून ती लिहून ठेवली होती. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून तिचं अक्षर गोल झालेलं.

"ताई, हे तुळजापूर एक नंबरला कुणी टाकलं?"

"अव्वानं."

"चुकून पडलंय बघ."

"अव्वाचं चुकत नाही. आहे तसं भरा."

फारुखनं माउस सोडला. "अगं, नियम समजून घे. पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज लागलं की सीट पक्की. पुढच्या फेऱ्या बंद. शहाण्णववर तिथं तुला लागणारच. मग खालचं पुणं, सांगली, कराड नुसतं वाचत बस."

"बसते वाचत."

"लई हट्टी. माझी अम्मी वीस वर्षं तुझ्या आईच्या अंगणवाडीत मदतनीस होती. रोज घरी येऊन म्हणायची, बाई ऐकत न्हाय. आता तू."

"वहीत खाडाखोड करायची नाही, फारुखभाई. आणि तुळजापूर जवळ आहे. रविवारी घरी येता येईल. अप्पांना चहासुद्धा करता येत नाही."

"मामा, तुमी तरी सांगा."

"ती म्हणते तसं कर," कल्याणप्पा म्हणाला. हल्ली तो सगळ्यांना हेच म्हणायचा.

फारुखनं मान हलवली, यादी पुरी केली आणि बटण दाबलं. "एकदा ओटीपी टाकला की काही बदलता यायचं न्हाय, बरं का."

खिशातला मोबाइल थरथरला. कल्याणप्पानं तो बाहेर काढला. सहा आकडे होते.

"सांगा मामा."

आकडा सांगणं हे तर त्याचं कामच. तोंड उघडलं आणि नजर वहीवर गेली. एक, तुळजापूर. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली. मग दोन, पुणं. तीन, सांगली. ही मोकळी ओळ त्यानं कुठं तरी बघितली होती. कुठं, ते चटकन आठवेना.

"मामा, वेळ संपतोय."

"थांब."

"अहो, जाईल तो ओटीपी."

"जाऊ दे."

शिवलीला वळून बघू लागली. चार महिन्यांत अप्पांनी कशाला नको म्हटलं नव्हतं.

"ते हळद-कुंकू हाय," कल्याणप्पा म्हणाला.

"काय?"

"तुळजापूर. तुझी अव्वा किराण्याची यादी कशी लिवायची? पहिलं हळद-कुंकू. घरात असू दे, नसू दे. मग एक ओळ सोडून तेल, साखर, डाळ. डब्यात एकवीस पुड्या हायत, न फोडलेल्या. म्या मोजल्यात. देवीचं गाव म्हणून तिनं वर मांडलंय. यादी दोनपासून सुरू होती."

"तुम्ही तर तिच्या याद्या वाचतही नव्हता. घडी घालून गौरीशंकरमामांच्या दुकानात द्यायचा."

"वाचत न्हवतो. घडी घालताना वळी दिसायच्या. सामान उचलून मीच आणत हुतो."

शिवलीला वहीकडं बघत राहिली. तिनं मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही.

"माझी पोरगी जिल्ह्याबाहेर शिकणार, असं ती म्हणायची का न्हाय?"

"म्हणायची."

"तुळजापूर कुठल्या जिल्ह्यात हाय?"

"आपल्याच," ती म्हणाली. बोट उचलून तिनं विचारलं, "मग खोडायचं?"

"वहीत राहू दे तसंच. फॉर्मात शेवटाला टाक."

"आणि चहा?"

"शिकतो."

फारुखनं तुळजापूर खाली नेलं आणि पुन्हा बटण दाबलं. मोबाइल थरथरला. कल्याणप्पानं आकडे सांगितले, चार, एक, शून्य, सात, सात, दोन. बाहेर झेरॉक्सला उभी असलेली माणसं वळून बघू लागली.

"हळू, मामा! ओटीपी हाय, तुरीचं वजन न्हाय."

शिवलीला हसली. हसताना तिनं ओढणीनं डोळे पुसले. कल्याणप्पानं मोबाइल खिशात ठेवला.

पहिल्या फेरीची यादी लागली त्या दिवशी तो काट्याजवळ उभा होता. खिशातला मोबाइल वाजला. वर 'लेक' असं नाव आलं. ते इरम्मानं सेव्ह केलेलं.

"अप्पा, सांगली लागलं. वहीतला तीन नंबर."

"म्हंजे दोन."

"हो. तुमच्या मोजणीनं दोन."

पोतं काट्यावर आलं होतं. हमाल त्याच्या तोंडाकडं बघत थांबले होते.

"न्यायला काय काय लागंल तिकडं?" त्यानं विचारलं.

"यादी करायला बसलेय. पहिली ओळ लिहून झाली."

"बरं," तो म्हणाला. "ते आणू नगंस. घरातलं घेऊन जा." मग त्यानं काट्याकडं बघितलं आणि आकडा सांगितला.