कुठं आणि कशाला

एसटीचा कंडक्टर माणसाला एकच प्रश्न विचारतो. "कुठं?" गावाचं नाव सांगितलं की बटण दाबतो, तिकीट फाडतो आणि पुढच्या सीटकडं वळतो. तिथं कुणाकडं चाललात, काय काम काढलंत, घरी सांगून निघालात का, ह्याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. उमाबाईंना हा प्रश्न भलताच आवडायचा. आवडायचं कारण साधं होतं. वयाची पंचाहत्तरी उलटेपर्यंत त्यांना तो कुणी विचारलाच नव्हता. त्यांना नेलं जायचं नाहीतर धाडलं जायचं, आणि तिकीट दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात असायचं.

देश पंचाहत्तर वर्षांचा झाला त्या आनंदात सरकारनं पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना आधार कार्डावर एसटी फुकट केली. उमाबाई देशाहून वर्षानं लहान. पण आपल्या मराठवाड्याला स्वातंत्र्यही वर्षभर उशिरानंच मिळालं, त्यामुळं त्या हिशेबानं दोघं बरोबरीची. निजामाचं राज्य मोडायला फौज आली तेव्हा उदगीरकडचं त्यांचं हंगरगा गाव जीव मुठीत धरून रानात लपलं होतं, आणि त्या गडबडीत उमाबाई ज्वारीच्या उभ्या पिकात जन्मल्या. आई सगळ्यांना ठणकावून सांगायची, "ही मुक्तीत झालेली पोर हाय. हिला कुणी अडवायचं न्हाई." सोळाव्या वर्षी लातूरच्या डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरात लग्न झालं आणि अडवायला सुरुवात झाली.

आता मन्मथअप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सोमेश सकाळीच दालमिलवर जायचा. सून मंजुश्री एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायची. नातू अमरेश पुण्याला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी फ्रिज तेवढा आवाज करायचा. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा किती वेळ चालणार? बरं, देवालाही दुसरी कामं असतीलच. मग उमाबाई आधार कार्ड पिशवीत टाकायच्या आणि स्टँड गाठायच्या. औसा, निलंगा, अहमदपूर. पोचल्या गावी एक चहा, आणि दिवेलागणीच्या आत घरी. पंचशीला नावाची एक कंडक्टर पोरगी त्यांना चांगली ओळखायला लागली होती. "आज कुठं, आजी?" असं ती हसून विचारायची. दिवसभरात उमाबाईंशी हसून बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण उमाबाईंना सहस्रकुंड बघायची हौस आली.

पैनगंगेचा तो धबधबा मन्मथअप्पांनी बघितला होता. "लई पाणी हाय. तुला एकदा दाखवतो," असं ते म्हणायचे. दाखवतो दाखवतो म्हणत गेले बिचारे. श्रावणात एका सकाळी उमाबाई नांदेडच्या गाडीत बसल्या, तिथून किनवटची गाडी धरली, इस्लापूरला उतरल्या आणि रिक्षानं धबधब्यावर पोचल्या. पाणी खरोखरच लई होतं. काळ्या खडकावरून ते असं कोसळत होतं की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटावी. तोंडावर तुषार आले. उमाबाई पोरीसारख्या हसल्या आणि "बघितलं का!" म्हणत शेजारी वळल्या.

शेजारी कुणी नव्हतं. जरा लांब चार पोरं फोटो काढत होती, एक नवराबायको कणीस खात होते. ज्याला दाखवावं असं कुणी आपल्याजवळ उरलेलं नाही, हे त्यांना फ्लॅटमध्ये कधी एवढं लागलं नव्हतं जेवढं त्या पाण्यासमोर लागलं. पदरानं तोंड पुसलं. त्यात तुषार किती आणि काय किती, कोण बघतंय.

परतीची गाडी चुकली. मोबाइल कधीचा बंद पडलेला. इस्लापूरच्या स्टँडजवळ एका चहावालीनं त्यांना बाकड्यावर बसवून घेतलं आणि स्वतःच्या फोनवरून सोमेशला कळवलं. तो पावसातून गाडी हाणत आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईला बघून आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग तो संतापला.

"कशाला आलतीस इथं?"

"असंच."

"असंच? एवढ्या लांब? काय झालं असतं म्हंजे? कशाला पन?"

लातूर येईपर्यंत तो थोड्या थोड्या वेळानं तेच विचारत राहिला. कशाला? उमाबाई काचेवरून ओघळणारं पाणी बघत बसल्या. हा शब्द त्यांच्या फार जुन्या ओळखीचा होता.

सोमेश पोटात होता तेव्हाची गोष्ट. बाजाराला आलेला हंगरग्याचा एक माणूस सांगून गेला की आईनं अंथरूण धरलंय, उमाचं नाव घेते. उमाबाईंनी सासूबाईंना विचारलं, जाऊन येऊ का? सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कशाला? आत्ता पंचमीला तर जाऊन आलीस." ओसरीवर सासरे मलप्पा अण्णा बसले होते. अण्णा साधे माणूस नव्हते. निजामाविरुद्धच्या लढ्यात ते तुरुंगात गेलेले, पाठीवर मार खाल्लेला. भिंतीवर पुढं त्यांचा ताम्रपट लागला. त्या दिवशीही ते कुठल्याशा सत्काराला निघाले होते आणि त्यांचा डबा उमाबाईंनीच भरला होता. त्यांना सगळं ऐकू गेलं. ते पायात चपला घालून निघून गेले. "आई मरायला टेकली म्हणून" एवढं सोपं उत्तर होतं, पण ते उमाबाईंच्या तोंडून फुटेना. "असंच विचारलं," म्हणून त्या चुलीकडं वळल्या. पुढच्या बाजाराला तोच माणूस आला तो डोक्याला हात लावूनच; आई गेली होती.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी "असंच" बसलं ते बसलंच.

सहस्रकुंडाहून आल्यावर सोमेशनं आधार कार्ड स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. "आई, आता बास. कुठं जायचं ते मला सांगत जा, मी गाडीनं नेत जाईन." पोरगा वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुलूप फार आवडतं. पण त्याला सांगायचं म्हणजे रविवार बघायचा, आणि रविवारी पुन्हा कशाला ते आलंच. उमाबाई दुपारी फ्रिजचा आवाज ऐकत बसू लागल्या. आपण जिवंत आहोत हे आता फक्त जेवणाच्या वेळेला कळतं, असं त्यांना वाटायचं. कुणाजवळ बोलून दाखवावं तर घरात कुणी नसायचं.

अशात सतरा सप्टेंबर आला, मुक्तिसंग्राम दिन. कॉलनीच्या मैदानात झेंडा लागायचा. स्वातंत्र्यसैनिकाची सून आणि मुक्तीच्याच साली जन्मलेली, म्हणून झेंडावंदनाचा मान उमाबाईंना द्यायचं कमिटीनं ठरवलं. सोमेशची छाती फुगली. त्यानं आईला नवं इरकल लुगडं आणलं.

उमाबाईंनी दोरी ओढली. गाठ सुटली, फुलं अंगावर पडली, झेंडा उलगडला. सगळ्यांबरोबर त्यांनी हात कपाळाला लावला, आणि तो मनापासून लावला. अण्णांच्या पाठीवरचे वळ त्यांनी तेल लावताना बघितलेले होते. त्या वळांबद्दल त्यांच्या मनात कधीच किंतु नव्हता.

"आजी, स्वातंत्र्य म्हणजे काय, दोन शब्द सांगा," सेक्रेटरीनं माइक पुढं केला.

उमाबाईंनी माइक दोन्ही हातांत धरला.

"आमच्या मामंजींनी लई सोसलं," त्या म्हणाल्या. "मार खाल्ला, जेलात गेले. मग त्यांना एसटीचा पास मिळाला. तवा ते लई फिरले. पंढरी म्हनू नका, मुंबई म्हनू नका. कुठं चाललाव म्हनून कंडक्टर इचारायचा. कशाला चाललाव म्हनून त्यांना कुनी इचारलं न्हाई. मला बी पास मिळालाय, पंच्याहत्तरीला." त्यांनी माइक जरा जवळ घेतला. "त्यो आमच्या सोमूच्या कपाटात हाय."

मैदान खो खो हसलं. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाला, "वा, आजी लईच मिस्कील हायत." सोमेशचे कान लाल झाले. उमाबाई एवढ्या लोकांच्या मधे उभ्या राहून त्यांची तोंडं बघत होत्या. त्यांनी काही गंमत केली नव्हती. एवढी माणसं हसली आणि एकालाही कळलं नाही, ह्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की हातावर ठेवलेला पेढा त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला.

बायकांच्या रांगेत एकटी मंजुश्री हसली नव्हती.

घरी आल्यावर सोमेश म्हणालाच, "लोकांम्होरं हे कशाला बोललीस?" उत्तराची वाट न बघता तो मिलवर गेला. थोड्या वेळानं मंजुश्री उमाबाईंच्या खोलीत आली. तिनं कार्ड त्यांच्या उशाशी ठेवलं.

"किल्ली?" उमाबाईंनी विचारलं.

"मागून घेतली. द्या म्हनलं, दिली. तोंड पाडून दिली, पन दिली." ती पलंगाच्या कडेला टेकली. "फोन चार्ज करून न्या तेवढा, अत्या. उद्याला डबा करून देते."

उमाबाईंनी तिचा हात धरला. "तू बी चल की."

मंजुश्री हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "बाई म्हनून माझं तिकीट अर्धं हाय, अत्या. हिशेब मातुर पुरा द्यावा लागतो." आणि ती कुकर लावायला उठली. उमाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. एवढी वर्षं एका घरात राहून त्यांनीही तिला कधी विचारलं नव्हतं, बाई, तुला कुठं जायचंय?

दुसऱ्या दिवशी सोमेशनं त्यांना स्वतः स्टँडवर सोडलं. गाडीतून उतरल्यावर त्याचं तोंड उघडलं. "आई, कशा..." एवढंच आलं, आणि त्यानं ते गिळलं. "पानी घेतलंस का?" तो म्हणाला.

"घेतलं."

उदगीरवरून पुढं जाणाऱ्या गाडीवर पंचशीलाच होती. "आजी! कुठं होतात एवढे दिवस? मला वाटलं, आजी गेल्या का काय!" मग तिनं मशीन हातात घेतलं. "सांगा, कुठं?"

"हंगरगा पाटी."

"कोन हाय तिथं?"

"कुनीच न्हाई."

पंचशीलानं बटण दाबलं, शून्य रुपयाचं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं आणि पुढं गेली. उमाबाईंनी ते पदराला बांधलं. शेजारची जागा उदगीरपर्यंत मोकळी होती आणि पुढंही मोकळीच राहिली.

रस्त्याकडेच्या पाटीपाशी उतरून त्या गावाकडं आत चालत गेल्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. गावाला आता सिमेंटचा रस्ता होता, कमान होती. मारुतीच्या मागची गल्ली मात्र पायांना आपोआप सापडली. भावाच्या माघारी पुतण्यांनी सगळं विकून हैद्राबाद गाठलं, हे त्यांना माहीत होतं. घराच्या जागी पत्र्याचं शेड होतं, त्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा होता. एका कोपऱ्यात जुन्या उंबऱ्याचा दगड तेवढा पडून होता. उमाबाई त्याच्यावर बसल्या. आईच्या दारात त्या पन्नास वर्षांनी, एकट्या, आपल्या पायांनी आल्या होत्या आणि दार नव्हतं.

समोरच्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली. अनोळखी म्हातारी दगडावर बसलेली बघून जवळ आली.

"कोन पायजे, अव्वा? हितं तर कुनी ऱ्हात न्हाई." तिनं इकडंतिकडं बघितलं. "एकल्याच आलाव? कशाला आलाव?"

सवयीनं उमाबाईंच्या ओठावर "असंच" आलं. त्यांनी ते बोलू दिलं नाही. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, मान वर केली.

"आईला भेटायला आले," त्या म्हणाल्या. "आई लई आजारी हाय, म्हनून आले."

बाईला काही समजलं नाही. पण म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, म्हणून ती पुढं काही न विचारता शेजारी टेकली.