फरशीवरचे हिरवे थेंब

या, अशा जवळ सरका, पंखा तुमच्याकडे वळवते. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यान लावतात. निरूपणाची माझी योग्यता नाही, म्हणून थेट आख्यानच सांगते. गेल्या मार्चात आमच्या फरीदाबादच्या अंगणात घडलेलं.

भाऊसाहेब माझा थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणते. कारखान्यात तीस वर्षं तो मालाची तपासणी करायचा. निवृत्त झाला तरी 'रिजेक्ट' हा शब्द काही तोंडातून गेला नाही. पोळी रिजेक्ट, पेपरवाला रिजेक्ट. आमचे हे गेल्यापासून बारा वर्षं मी त्याच्याच घरी आहे. त्याच्यापुढे मी कधी आवाज केला नव्हता.

खालच्या खोलीत चिन्मय आणि इशिता भाड्यानं राहतात. दोघं पुण्याची. इशिताला आठवा महिना होता आणि डॉक्टरनं जिने बंद केले होते, म्हणून तळमजला त्यांना सोन्यासारखा. चिन्मयची बाइक चौदा वर्षांची. इंजिन थंड ठेवायला तिच्यात हिरवं पाणी असतं, कूलंट म्हणतात. ते गळायला लागलं. जास्त नाही, रात्रीतून चार-पाच थेंब. पण ते पडायचे दादानं नुकत्याच घातलेल्या पांढऱ्या फरशीवर.

पहिल्या दिवशी दादानं थेंबांभोवती खडूनं गोल काढले. दुसऱ्या दिवशी त्यांना नंबर दिले. तिसऱ्या दिवशी चिन्मयला उभं केलं.

"हे काय आहे?"

"कूलंट आहे काका. क्लिप सैल झाली असणार, बदलतो."

"चमचाभर हळद टाक रेडिएटरमध्ये. आम्ही जीपला टाकायचो. बंद होतं गळणं."

"काका, बाइकचा रेडिएटर आहे तो, वरण नाही. बारीक नळ्या चोक होतील."

झालं. कुणी त्याच्या हळदीला नाही म्हटलेलं दादाला चालत नाही.

"लॅपटॉपवर शिकलेले मेकॅनिक," तो म्हणाला. "ऐक. सोमवारी सकाळी माझ्या फरशीवर एक थेंब दिसला, तर महिनाअखेर खोली रिकामी."

"काका, इशिताची अवस्था..."

"तिला कोण काय म्हणतंय? गळतेय तुझी गाडी."

मी आत देवापुढे फुलवाती वळत होते. सगळं ऐकू येत होतं, पण वळतच राहिले. दुपारी तिला लिंबू-सरबत दिलं, तेवढंच. सामानाचे खोके कुठे मिळतात, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, घाई करू नकोस. माझ्या शब्दाला त्या घरात काय वजन होतं ते तिलाही ठाऊक होतं.

चिन्मय दिल्लीला करोल बागेतल्या बाइकच्या बाजारात जाऊन नव्या क्लिपा घेऊन आला, बसवल्या. शनिवारी सकाळी पुन्हा तीन थेंब. दादानं खुर्ची अंगणात मांडली आणि तो बघायला बसला. असं कुणी बघत बसलं की चांगल्या माणसाच्याही हातून पाना सुटतो.

"उलटा फिरवतोयस."

"खोलतोय काका."

"तेच. बांधणं तुमच्या पिढीला येत नाही."

"तुम्ही जरा आत बसाल का, यार..." चिन्मय म्हणाला आणि थांबला.

"यार? मी तुझा यार?"

चिन्मय गाडीकडे वळला. इंजिन गार होतं. त्यानं सगळं पाणी तसराळ्यात काढलं, रेडिएटरच्या मागच्या रबरी नळीवर टॉर्चचा उजेड टाकला आणि बोटानं चाचपत गेला. मग बोट एका जागी थांबलं.

"क्लिप नाहीच गळत. हे बघा. नळीला तार बांधलीय. घासून घासून रबर कापलंय. पाणी इथून निघतं आणि नळीवरून ओघळत क्लिपशी टपकतं."

त्यानं तार उलगडून फरशीवर ठेवली. गंजलेली, वीतभर. तीन वेढे, आणि टोक आत दुमडलेलं, कुणाला टोचू नये म्हणून. तिच्यात सुकलेल्या झेंडूचं देठ अडकलं होतं.

मी पुढे होऊन ते देठ नीट पाहिलं.

दसऱ्याला अंगणातल्या सगळ्या गाड्यांची पूजा दादाच करतो. दोऱ्यानं बांधलेला हार माकडं ओढून नेतात म्हणून तो तारेनं बांधतो; आणि खालचं टोक चाकात जाऊ नये म्हणून खालीही तार गुंडाळतो. फुलं सुकली की मी हार काढते. त्या वर्षी वरून काढला, आणि खालची तार तिथेच राहिली.

"जुगाड," दादा म्हणाला. "तूच बांधलीस आणि आता दाखवतोयस."

"मी तार वापरत नाही."

"मग काय मी बांधली?" बोलता बोलता त्याची नजर त्या दुमडलेल्या टोकावर गेली. त्याला आठवलं. मी समोर उभी होते, मला दिसलं. तरी तो म्हणाला, "बास झालं. खोली रिकामी करा."

इशिता दाराची चौकट धरून उभी होती.

इतकी वर्षं कीर्तनाला जाते, खऱ्याच्या कथेला डोळे पुसते. घरी येऊन गप्प बसायचं असेल तर मग जायचं कशाला?

"दादा," मी म्हटलं, "पकड मीच दिली होती तुझ्या हातात. दसऱ्याला. आणि हार काढताना तार राहिली, ती चूक माझी."

"कुमुद, आत जा."

"जाते. पण तार आपली आहे."

तो उठला. खुर्ची घडी करून भिंतीला लावली. "भाडेकरूंसमोर," एवढंच म्हणाला. चिन्मयनं ती तार उचलून कचऱ्यात टाकली, हे त्याचं मोठेपण.

रविवारी चिन्मयनं नवी नळी आणून बसवली, कूलंट भरलं. रात्री झोपण्याआधी दादानं स्वतः बाइकखाली वर्तमानपत्र अंथरलं. सोमवारी उजाडताच उचललं, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. कोरडं होतं. चिन्मयच्या दाराशी जाऊन, आत न बघता तो म्हणाला, "राहा." आणि वर आला.

इशिताला मुलगी झाली. दादा खाली गेला नाही. माझ्याशीही बोलत नाही. ताट झाकून ठेवते, मी उठून गेले की जेवतो. माफी मागण्याचा शब्द त्याला कुणी कधी शिकवलाच नाही, आणि मी तरी कुठे शिकवला?

एक मागते. आज संध्याकाळी दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा माझ्या दादाचंही घ्या. भाऊसाहेब म्हणा. मी रोज घेते, पण एकटीचं पुरत नाहीसं दिसतं.