डुगडुगणाऱ्या खुर्चीवर कोण बसणार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझ्यावर बसायला कुणालाच आवडत नाही. माझा मागचा एक पाय तोकडा आहे. सुताराने मला माझ्या बहिणींबरोबरच बनवलं, पण माझी पाळी येईपर्यंत लाकूड कमी पडलं आणि त्याने हात आखडता घेतला. तेव्हापासून मी डुगडुगते.

मी आले एका समुपदेशक बाईंच्या खोलीत. घरात बिनसलं की माणसं त्यांच्याकडे येतात आणि त्यांना मॅडम म्हणतात. त्यांची एक पद्धत आहे. सगळ्या घराला एकदम बोलवायचं, खुर्च्या गोल मांडायच्या, आणि कुणी कुठे बसायचं ते सांगायचं नाही, नुसतं बघायचं. एकदा सुतार माझा पाय नीट करायला आला, तर त्यांनी त्याला हात लावू दिला नाही.

"राहू दे हिला अशीच," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी ज्याला बिघडलेला ठरवलंय ना, त्याच्याच वाट्याला ही येते."

सुताराने माझ्याकडे न बघता मॅडमकडेच काळजीने बघितलं. मला मात्र फार बरं वाटलं. माझ्या खोडीचं कुणी कौतुक केलं ते तेवढंच. बाकी माझ्यावरचं पॉलिश उडालं, पाठीची पट्टी तडकली, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट जमतो. ती माणसं आळीपाळीने माझ्यावर बसतात. "आज मी डुगडुगतो, उद्या तुझा नंबर," असं त्यांच्यातला टकलू ड्रायव्हर म्हणतो आणि सगळे हसतात. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की त्यांची मान जरा वर येते. घरांना मात्र आळीपाळी जमत नाही. तिथे एकालाच कायमचं बसवलेलं असतं, याची मला चीड येते.

एकदा एक कुटुंब आलं. बाबा, आई, कॉलेजात जाणारी थोरली आणि शाळेतली धाकटी. बाबा खिडकीपाशी बसले, आई त्यांच्यापासून लांब, धाकटी आईला चिकटून. उरले मी, आणि उरली थोरली. तिने जेवण टाकलं होतं. तिची हाडं मला टोचत होती.

"मॅडम, हिचं काय ते बघा," आई म्हणाली. "आमचं बाकी सगळं सुरळीत आहे."

का जेवत नाहीस, असं मॅडमनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तू ताट सरकवलंस की घरात काय होतं?"

थोरलीने आधी आईकडे, मग बाबांकडे बघितलं. "भांडण थांबतं," ती म्हणाली. "मग दोघं मिळून माझी काळजी करतात."

बाबा खवळले. "म्हणजे हे आमच्यामुळे?"

"कुणामुळे ते नको शोधायला. जागा बदलून बघू." मॅडमनी बाबांना माझ्यावर बसवलं, आईला त्यांच्या समोर, आणि थोरलीला बाजूला काढलं. "आता एकमेकांशी बोला. मुलीमार्फत नाही."

ते बोलायला लागले. थोरली घास घास करत जेवायला लागली. आणि ती जसजशी सुधारली, तसतसं आईबाबांचं वर्षानुवर्षं दाबलेलं सगळं बाहेर येऊ लागलं. एके दिवशी आईच्या तोंडून वेगळं व्हायचा शब्द निघाला. बाबा ताडकन उठले.

"पोरगी जेवायला लागली ना? मग पुरे झालं आता."

आईही पर्स घेऊन उठली. इतक्या दिवसांत दोघांचं एकमत झालं ते यावर!

"आत्ता थांबू नका," मॅडम म्हणाल्या. "भांडण थांबवायला तुमच्या घराला कुणीतरी आजारी लागतं. थोरली उठली, तर ती जागा रिकामी राहणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले. ते कसलं बघतात! मला त्या वेळी पाय आपटावेसे वाटले.

बऱ्याच महिन्यांनी ती माणसं परत आली. थोरली मावशीकडे राहायला गेली होती आणि तिथे छान जेवत होती. आईबाबा अजून एकाच घरात होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटीचे गाल बसले होते. तिला कुणी ढकललं नाही, कुणी खूण केली नाही. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असताना ती सरळ माझ्याकडे आली आणि चढून बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या. "बाळा, तू इथे का बसलीस?"

"ताई गेली ना," धाकटी म्हणाली. "आता मीच उरलेय."

मित्रांनो, मला दुरुस्त करा, पॉलिश करा, असं मी मागत नाही. एवढंच मागते. आईबाबांचं भांडण मिटवणं हे तुमचं काम नाही. ते कितीही भांडोत, तुम्ही पोटभर जेवा.