ओलकेरीत रक्त उकळलं

"उकळलं! अगं बाई, उकळलं!"

मसाई गुराख्यांची अख्खी ओलकेरी वस्ती एका दमात ओरडली. लाकडी वाटग्यातलं बैलाचं ताजं रक्त खरोखरच फसफसून वर आलं होतं. पांढरा फेस काठावरून ओघळून मातीत पडत होता. चूल नाही, निखारा नाही. ओले संतामोने आपल्या तुंब्यातलं घोटभर पाणी टाकलं आणि रक्त खदखदायला लागलं. एकाने वाटग्याला हात लावून पाहिला. वाटगा गरम! तो चार पावलं मागे पळाला आणि मग काय, गर्दीचा उरलासुरला शहाणपणाही त्याच्यामागे पळाला.

ओले संतामो गुरांचा मांत्रिक. आपण लांबच्या डोंगरातल्या थोर मांत्रिकांच्या घराण्यातले, असं तो स्वतःच सांगायचा. दुसरं कोणी सांगितलेलं नव्हतं. अंगावर माकडाच्या कातड्याची झूल, गळ्यात मण्यांच्या सात माळा, समोर दोन तुंबे, आणि तोंड असं चालायचं की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत नाही.

"मी कोण? मी कोणी नाही! मी रिकामा तुंबा! ओतणारी वर बसलीय, आई एनकाई! या बैलाच्या रक्तात शाप शिरलाय. हा एक शापित बैल तुमची शंभर गुरं खाईल. शंभर! दिवस मावळायच्या आत नदीपलीकडे पोचवा. मी त्याला पुरीन. मागे वळून बघाल तर शाप घरात येईल!"

मागे वळून बघू नका. हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसाने आधी मान वळवावी. पण तीन महिन्यांत ज्यांची तेवीस गुरं मेली होती त्यांना एवढं कुठलं सुचायला.

गुरं कशाने मरत होती हे मसाईंच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कानाखाली गाठ येते, ताप चढतो, जनावर भात्यासारखं धापा टाकतं, नाकातून फेस येतो आणि दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास. ओल्तिकाना. आपला गोचीडताप म्हणा. कानात बसलेली तपकिरी गोचीड तो पसरवते. म्हणून तर वस्तीबाहेर सिमेंटचा लांब हौद बांधलेला होता. आठवड्यातून एकदा औषधाच्या पाण्यातून गुरं पोहवत न्यायची, की गोचीड मेली.

मांत्रिकाने आल्याआल्या काय केलं असेल, तर हौद बंद केला. "मी लावलेली राख त्या विषारी पाण्याने धुऊन जाते. आणि सुई तर टोचूच नका! सुईच्या भोकातून शाप आत शिरतो." वस्तीचा म्हातारा कुयो हौदाची किल्ली सांभाळायचा. त्याने इमानेइतबारे कुलूप ठोकलं. हौद बंद, गोचीड मोकाट, गुरं दुप्पट वेगाने मरायला लागली. आणि ओले संतामो छाती ठोकून सांगायचा, "बघा! शाप वाढतोय! बरं झालं मी वेळेवर आलो!"

कुयोची धाकटी बायको सिलांतोई हे सगळं धुमसत ऐकत होती. मसाईंच्या घरात प्रत्येक बायकोला धारेसाठी गाई नेमून दिलेल्या असतात. सिलांतोईच्या वाट्याला तीन होत्या. दोन गोचीडतापाने गेल्या. उरली ती पट्ट्यापट्ट्यांची संबू. संबूच्या दुधावर सिलांतोईची दहा महिन्यांची पोर जगत होती, कारण सिलांतोईचं स्वतःचं दूध कधीच आटलं होतं. थोरल्या सवतीच्या गाईही भाकड. संबू गेली तर पोरीच्या तोंडात काय घालायचं?

आणि परवा रक्ताच्या परीक्षेसाठी कुयोच्या गुरांची पाळी होती.

त्याच्या दोन दिवस आधी सकाळी मांत्रिकाचा चेला त्यांच्या कुंपणात शिरला आणि गुरांमधून हिंडायला लागला. संबूपाशी येऊन थांबला. पाठीवरून हात फिरवला, कमरेचं हाड चाचपलं, शेपटीच्या बुडाशी चिमटा घेतला.

"काय रे, काय शोधतोयस?" सिलांतोईने विचारलं.

"शाप शोधतोय, बाई."

"शाप शेपटीच्या बुडाशी असतो होय? आम्ही तिथं चरबी किती आहे ते बघतो."

"बायकांना यातलं काय कळतंय!"

"मला नाही कळत. खाटकाला मात्र बरोबर कळतं, आणि तुझा हात अगदी तसाच फिरतोय."

चेला सटकला. सिलांतोई तिथेच उभी राहिली आणि आतापर्यंत शापित ठरलेली अकरा गुरं बोटांवर मोजायला लागली. एकही हडकुळं नव्हतं. एकाच्याही कानाखाली गाठ नव्हती. ज्यांना खरंच रोग झाला होता ती सगळी 'शुद्ध' ठरून वस्तीत पटापट मरत होती. असला कसला शाप, जो फक्त लठ्ठ जनावर धरतो?

दुपारी मांत्रिकाला आंबवलेलं दूध पोचवायचं काम तिच्याकडे आलं. भांडं देताना तिने त्याची बोटं पाहिली. टोकं पांढरीफटक.

"काय बघतेस, पोरी?" ओले संतामो हसला. "देवाची राख वाटून वाटून माझी बोटं उजळलीत."

त्याच्या उजव्या हाताशी ठेवलेला तुंबा बाजूला सरकवताना तिने तो नाकाशी नेला, सवयीने, घरातला प्रत्येक तुंबा न्यायची तसा. वास नाही! मसाई बाईच्या घरातला तुंबा जळत्या लाकडाने आतून धुरावलेला असतो. त्याला धुराचा वास येणार म्हणजे येणारच, मग त्यात दूध असो, पाणी असो की काहीच नसो. वर मण्यांनी मढवलेल्या या तुंब्याने धूर कधी बघितलाच नव्हता. आणि आत काहीतरी खडखडलं. "यात काय आहे, बाबा?" तिने विचारलं.

"ठेव खाली!" मांत्रिक खेकसला. "बाईचा हात लागला तर त्याची शक्ती जाते!"

तिने तो ठेवला. पण परतताना तिची पावलं भराभर पडत होती. लग्नाआधी दोन वर्षं ती दवाखान्यात झाडलोट करायची. बाळंतिणींच्या चादरींवरचे रक्ताचे डाग काढायला एक औषध असायचं. दिसायला साधं पाणी. डागावर ओतलं की फस्स करून पांढरा फेस यायचा. हातमोजे न घालता मोठ्या कॅनमधलं कडक औषध वापरलं की बोटांची टोकं चुरचुरायची आणि पांढरी पडायची, दोन-तीन तास. नर्सबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "यात कसली जादू नाही गं. रक्तातच एक गोष्ट असते, तिच्यामुळे हे औषध फुटतं आणि वायू सुटतो. माणसाचं असो, शेळीचं असो, फेस येणारच."

तिने नवऱ्याला सांगितलं. कुयो भडकला.

"तू मला शिकवणार? चादरी धुऊन शहाणी झालेली!"

"चादरी धुतल्या म्हणूनच सांगतेय. अहो, तो संबूला नेणार. पोरीला काय पाजू?"

"देव देईल."

"देवाने गाय दिली होती. तुम्ही ती चोराला देताय."

म्हाताऱ्याने काठी आपटली आणि तोंड फिरवलं. त्याचंही बरोबर होतं म्हणा, त्याच्या जागी. हौदाला कुलूप त्याच्या हाताने लागलेलं. मांत्रिक खोटा ठरला तर तेवीस गुरांच्या मरणात याचाही वाटा. कोण कबूल करेल?

मग ती मेरिपेतकडे गेली. मेरिपेत कुयोचा पुतण्या, तरणाबांड. जनावराच्या मानेला दोरी आवळून, टोचऱ्या बाणाने शिरेतून नेमकं रक्त काढायचं काम वस्तीत त्याचंच. त्याने वासरापासून वाढवलेला तांबडा बैल शापित ठरून पलीकडे गेला होता.

"काकी, मला काय करायचंय ते सांग," तो एवढंच म्हणाला.

"परवा सकाळी पाच गुरांचं रक्त काढायचंय ना? काढू नकोस."

"मग?"

"एकाचंच काढ. तुझ्या चुलत्याच्या लंगड्या बैलाचं. असल्या हडकुळ्याला तो मांत्रिक शुद्धच ठरवणार. काडीने चांगलं घुसळ, गाठी काढून टाक आणि पाच वाटग्यांत वाट. बास."

मेरिपेतच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

परवाचा दिवस उजाडला. झाडाखाली ही गर्दी! शेजारच्या तीन वस्त्यांमधूनही लोक आले होते. पाच गुरं रांगेत उभी, प्रत्येकापुढे रक्ताचा वाटगा. पहिली संबू.

ओले संतामो डोळे मिटून गुरगुरला, अंगाला झटके दिले, उजवीकडचा तुंबा उचलला. "बोल, रक्ता, बोल!"

फस्स! फेस वर.

"शापित!"

सगळं माहीत असूनही सिलांतोईने कडेवरची पोर घट्ट धरली.

दुसरा काळा खोंड, गुटगुटीत. फस्स! तिसरी लाल कालवड, तुकतुकीत. फस्स! मग मांत्रिकाने हळूच डावीकडचा तुंबा उचलला. चौथी गाय, हाडांचा सापळा, कानाखाली मुठीएवढी गाठ, धापा टाकतेय. रक्त शांत. "शुद्ध!" पाचवा लंगडा बैल. रक्त शांत. "हाही शुद्ध!"

"बाबा," मेरिपेत पुढे आला, "नक्की ना? संबू शापित आणि हा लंगडा शुद्ध?"

"एनकाई कधी चुकत नाही, पोरा!"

"पाचही वाटग्यांत या लंगड्या बैलाचंच रक्त आहे."

गर्दीत कोणीतरी फिदकन हसलं.

ओले संतामो कच्चा गडी नव्हता. "तुम्ही देवाची परीक्षा घेतलीत!" तो गरजला. "म्हणून देवाने कोपून दोन्ही निकाल दिले! आता अख्ख्या वस्तीवर..."

"देव कोपला असेल तर माझ्यावर कोपू दे," सिलांतोई पोरीला सवतीकडे देत म्हणाली आणि तिने सरळ उजवीकडचा तुंबा उचलला. चेला धावला. मेरिपेतने त्याची मान धरून खाली बसवला. तिने चौथ्या, 'शुद्ध' वाटग्यात तुंबा उलटा केला. फस्स! पाचव्यात. फस्स! मग मेरिपेतने पुढे केलेल्या उरलेल्या रक्तात डावीकडचा तुंबा ओतला. काही नाही. निव्वळ नदीचं पाणी.

"शाप रक्तात नाही. उजव्या तुंब्यात आहे."

तिने तुंबा दगडावर आपटला. मण्यांची नक्षी उसवली, तुंबा फुटला आणि आतून काळी प्लास्टिकची बाटली गडगडत बाहेर आली. शहरात बायकांचे केस पिवळे करायच्या दुकानात मिळते तसली.

"हे रक्ताचे डाग काढायचं औषध आहे. हे बघा ह्याची बोटं, त्यानेच पांढरी झालीत! मी दोन वर्षं चादरी धुतल्यात याने. आपल्या धुरावलेल्या तुंब्यात हे टिकणार नाही, कोळशाने मरतं. म्हणून ह्याचा तुंबा बिनधुराचा आणि आत बाटली!"

तेव्हा गर्दीतून म्हातारा कुयो काठी टेकत पुढे आला. सिलांतोईला वाटलं, आता मारतो. त्याने कमरेची सुरी काढली, आपल्याच बोटाला टोचली आणि बोट मांत्रिकापुढे धरलं.

"घाल."

"बाबा, तुम्ही वडीलधारे..."

"घाल म्हणतो ना!"

शेवटी मेरिपेतने बाटलीतलं थेंबभर टाकलं. म्हाताऱ्याच्या बोटावर पांढरा फेस आला.

"म्हणजे मीही शापित," कुयो म्हणाला. "ने मला नदीपलीकडे. म्हाताऱ्याच्या मांसाला बाजारात काय भाव मिळतो तेवढं सांग जाताना."

हशा पिकला, पण म्हातारा हसत नव्हता. तो वळला, हौदापर्यंत चालत गेला आणि किल्ली कमरेला असताना त्याने ते कुलूप दगडाने फोडलं.

पोरांनी मांत्रिकाला तुडवायची तयारी केली होती. सिलांतोई आडवी आली. "मारलात तर उद्या हा दुसऱ्या डोंगरात जखमा दाखवून देव होईल. याला प्रत्येक वस्तीत चालवत न्या. सगळ्यांसमोर रक्त उकळायला लावा आणि कसं उकळतं तेही त्याच्याच तोंडाने वदवा. मग पोलिसांकडे द्या." तसंच झालं. चौथ्या वस्तीपर्यंत त्याचा आवाज बसला होता. चेल्याने तर पहिल्याच वस्तीत सगळं ओकलं: गुरं पुरली जात नव्हती, ट्रकमधून कत्तलखान्यात जात होती. अकरांपैकी तीन नदीपलीकडे बांधलेली सापडली. मेरिपेतचा तांबडा त्यांत नव्हता.

कुलूप फुटलं त्याच दुपारी संबूचे कान उलटून पाहिले, तर आत दाण्यांसारखी गोचीड चिकटलेली आणि खाली नुकतीच उठलेली लिंबाएवढी गाठ. गुरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून आला, सुई टोचली, म्हणाला, "आणखी तीन दिवस थांबला असतात तर गेली होती." संबू वाचली. पोर तिचंच दूध पिते. मेलेली तेवीस मात्र मेलीच. त्यांना ओल्तिकानाने मारलं खरं, पण हौदाला कुलूप रोगाने लावलेलं नव्हतं.

पुढे त्या हौदापाशी कोणीतरी सिलांतोईला विचारलं, "तुला भीती नाही वाटली? खरंच मांत्रिक असता तर?"

"वाटली की," ती म्हणाली. "पण डॉक्टरला मी विचारलं, सुईत काय आहे, तर त्याने बाटली माझ्या हातात दिली. याला विचारलं, तुंब्यात काय आहे, तर हा अंगावर आला. तुम्हीही विचारत जा. कोणालाही विचारा, माझ्यासकट. आणि ज्याला नुसत्या विचारण्याचा राग येतो, त्याला आपल्या कुंपणात पाऊल टाकू देऊ नका. चला, बोलत काय बसलात, ती काळी गाय मागे फिरतेय, ढकला तिला पाण्यात!"