घरचा माणूस

"रडायचंय गं बाळा, हसायचं नाही," दिग्दर्शक पुन्हा एकदा म्हणाला.

हर्षाली मान डोलवायची आणि कॅमेरा सुरू झाला की खुदकन हसायची. महाळुंगे पडवळच्या उसावर ऊन कलायला लागलं होतं. शेवटी दिग्दर्शकानं तिच्या मामाला, गोरखला, बाजूला घेतलं.

गोरखचा धंदा मंडपाचा. शूटिंगसाठी गावातली पोरं गोळा करून द्यायचं काम मिळाल्यापासून मात्र तो पारावर 'मी अन् सर' अशीच सुरुवात करायचा. त्यात निवड झाली ती त्याच्याच भाचीची! स्वारी हवेतच होती. हर्षालीची आई पुण्याला कामाला, त्यामुळे पोर आजोळीच वाढलेली.

"मामा, तुम्ही घरचे. तुमचं तिला खरं वाटेल," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "काहीतरी सांगा. नाहीतर उद्या दुसरी मुलगी बघावी लागेल."

गोरख तिच्यापुढे उकिडवा बसला. चेहरा पाडून म्हणाला, "हर्षू, आजीचा फोन आला व्हता. तुझी चिंगी बिबट्यानं नेली गं."

चिंगी म्हणजे हर्षालीनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं करडू. आणि या भागात बिबट्यावरून थट्टा कुणी करत नाही.

हर्षालीनं हंबरडा फोडला. "मामा!" म्हणत तिनं हात पसरले. गोरख मागे सरकला. कॅमेऱ्यात यायचं नाही, असं त्याला बजावलं होतं.

"कट! कमाल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"खोटं व्हतं गं सोन्या, शूटिंगसाठी," गोरख तिला जवळ घेत म्हणाला. पोर अंग चोरून उभी राहिली. मोटरसायकलवर एरवी त्याला घट्ट मिठी मारून बसायची. आज मागची दांडी धरून बसली.

अंगणात चिंगी पाला खात होती. हर्षाली धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली, तिचे कान, पाय चाचपू लागली.

"काय केलंस रं पोरीला?" गोरखची आई, साळुबाई, उंबऱ्यातून ओरडली.

गोरखला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी, इतकी लाज वाटत होती. पोरीला कसंही करून हसवायचं म्हणून तो म्हणाला, "हर्षू, उद्या आई येनार हाय. सकाळच्या गाडीनं."

आई खरोखरच येणार होती.

हर्षालीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चिंगीला तसंच पोटाशी धरून तिनं विचारलं,

"आजी, ह्यो खरं सांगतोय का गं?"