पांढरी माती

पातूरजवळ आमच्या शेतात विहीर खोदणं चालू होतं. चाळीस फुटांवर, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये, पांढुरकी माती लागली. माझी नात प्राजक्ता अकोल्याच्या कॉलेजात अशा मातीतले परागकण तपासते. लाखो वर्षं ते टिकतात, आणि माती किती जुनी, तेव्हा तिथे काय उगवत होतं, ते त्यांच्यावरून कळतं. ती पुण्यात वाढलेली. तिने माझ्या दिरांना, जानरावांना, फोन केला. "आजोबा, खोदणं थांबवा आणि थोडी पांढरी माती पाठवा. जुन्या तळ्याचा गाळ निघाला तर तो सगळ्या शेताखाली असणार. पाणी सुटलं की विहिरीची भिंत सरकेल."

"पाठवतो. आमी माती पायानं ओळखतो, तू काचेतून पाह्य," जानराव हसले.

पुडी आली. परवा निकाल लागला: ज्वारी, तुळस, झेंडू. "झेंडू आपल्याकडे येऊन चार-पाचशे वर्षंच झाली," प्राजक्ता म्हणाली. "बुजलेला एखादा खड्डा असेल. दोन हात मातीमागे पक्का दगड लागेल. खोदा."

आज सकाळी अकोल्याला प्राजक्ताबरोबर चहा घेताना मला ते खटकलं. साठ वर्षांपूर्वी त्याच शेतात मी सासूबरोबर निंदायला जायची. तिथे खड्डा कधीच नव्हता. वरचा दगड तर सुरुंगाने फोडावा लागला. त्याखाली झेंडू कुठून जाणार? मी स्पीकरवर फोन लावला.

"भाऊजी, माती कुठून घेतली?"

"पांढरीतून, वैनी. देवळामागून. पांढरी माती अजून कुठं भेटते?"

आमच्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पोरीला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"विहिरीत कोण आहे?"

"नियाज. सकाळपासून खोदून राह्यला. पोरीनंच तं खोदा म्हटलं."

"त्याला वर घ्या. आत्ता!"

जानराव विहिरीच्या काठावरूनच ओरडले. खालून नियाजचा आवाज आला, "काहून चाचा, जेवण आलं काय? मले अजून भूक नाई!"

"वर ये म्हणतो ना!"

"आलो, आलो. ओल सुटली चाचा, लय पाणी हाये इथं! एवढी बादली भरतो."

प्राजक्ताने फोन माझ्या हातातून ओढला. "बादली सोडा! दोर धरा!"

आधी खडे पडले. मग काहीतरी जड, ओलं, बराच वेळ घसरत राहिलं. जानराव नियाजच्या नावाने हाका मारत होते. खालून ओ आली नाही.

"वैनी," ते म्हणाले, "दोर हलका लागून राह्यला."